हवामानाचे इशारे आणि यंत्राची मराठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामानाच्या इशाऱ्यांचं यंत्राने केलेलं मराठी तपासण्याचं काम मी करते. पावसाळा जवळ आला की शिक्षक, शेतकरी, बोटमालक, सोसायटीचे सेक्रेटरी, पत्रकारितेचे विद्यार्थी असे सगळेच प्रश्न पाठवायला लागतात. त्यातले बरेचसे दर वर्षी तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कोणताही प्रश्न आधी वाचला तरी चालेल. विषय दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एआय पावसाचा अंदाज करतं की अंदाजाचं भाषांतर? दोन्ही एकच का?

दोन्ही कामं वेगळी आहेत आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी होतात. अंदाज भारतीय हवामानशास्त्र विभाग करतो. हा विभाग १८७५ सालचा. उपग्रह, रडार, निरीक्षण केंद्रं आणि संगणकावरची प्रारूपं (मॉडेल्स) यांच्या आधाराने हवामानशास्त्रज्ञ अंदाज ठरवतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली. ती ६ किलोमीटरच्या चौकटीपर्यंत अंदाज देते. यात भाषेचा संबंध नाही.

अंदाज ठरला की तो शब्दांत लिहिला जातो, बहुतेक वेळा आधी इंग्रजीत. तो मजकूर मराठी, कन्नड, तेलुगू, ओडिया अशा भाषांत नेण्यासाठी यंत्राची मदत घेतली जाते. हे पान फक्त या दुसऱ्या टप्प्याबद्दल आहे. अंदाजच चुकला असेल तर भाषांतर कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. पण अंदाज बरोबर असून मराठीत चुकीचा पोचला, तर आधीची सगळी मेहनत शेवटच्या पायरीवर वाया जाते. मला याच पायरीची काळजी वाटते.

२. मराठीत बुलेटिन आधीपासून निघतात. मग यंत्र कशाला हवं?

वेळेसाठी. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांतली माणसं नीट मराठीत लिहितात. त्याला काही तास मिळतात. पण विजांचा, वादळी पावसाचा तात्काळ इशारा पुढच्या ३ तासांपुरता असतो. त्याच्या भाषांतरात पाऊण तास गेला तर शेतात काम करणाऱ्या बाईला सावध व्हायला तेवढाच वेळ कमी मिळतो. असे इशारे एकाच संध्याकाळी अनेक जिल्ह्यांसाठी निघतात आणि थोड्या वेळाने बदलतातही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. प्रत्येक भाषेचा अनुवादक रात्रंदिवस हवामान केंद्रात बसलेला असणं शक्य नाही.

३. हे यंत्र मराठी शिकतं कुठून?

एकमेकांशी जोडलेल्या वाक्यांतून: इंग्रजी वाक्य आणि त्याचं मराठी, अशा लाखो जोड्यांतून. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ‘भाषिणी’ सुरू केली ती भारतीय भाषांसाठी अशी साधनं एका जागी मिळावीत म्हणून. आयआयटी मद्रासमधल्या ‘एआयफॉरभारत’ या गटाने २०२३ मध्ये ‘इंडिकट्रान्स२’ हे प्रारूप खुलं केलं. ते अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत चालतं.

अडचण अशी की या जोड्यांमध्ये बातम्या, सरकारी कागदपत्रं, विश्वकोशातले लेख भरपूर असतात आणि हवामानाच्या इशाऱ्यांचा मजकूर फार थोडा. कृषी विद्यापीठांनी वर्षानुवर्षं काढलेले इंग्रजी आणि मराठी सल्ले हा आपल्याकडचा मोठा ठेवा आहे. पाऊस, पेरणी, फवारणी, गारपीट यांची खरी वापरातली मराठी त्यात आहे. ती बुलेटिनं वाक्याला वाक्य जोडून सर्वांना खुली करावीत, असं मी भेटेल त्या प्रत्येकाला सांगते.

४. यलो, ऑरेंज, रेड: तिन्ही ‘अलर्ट’च ना? मग फरक काय?

इथे आपण सगळ्यांनीच घोळ केलेला आहे. हवामान विभागाच्या पद्धतीत हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे कृती करा. इंग्रजीत त्यांना वेगवेगळे शब्द आहेत: पिवळ्याला ‘वॉच’, नारिंगीला ‘अलर्ट’, लालला ‘वॉर्निंग’. मराठी बातम्यांत तिन्हींचं ‘अलर्ट’ झालं आणि लोकांच्या तोंडी तेच बसलं.

यंत्र बातम्यांतून शिकतं, म्हणून तेही तिन्ही ठिकाणी ‘अलर्ट’ किंवा ‘इशारा’ लिहितं. रंगाचा शब्द जागेवर असला तर फारसं बिघडत नाही. पण लहान संदेशात रंग गाळला गेला तर ‘अलर्ट’ या एका शब्दावरून काय समजायचं? म्हणून मराठी संदेशात रंग आणि कृती दोन्ही असावीत, असा माझा आग्रह आहे: ‘नारिंगी इशारा, तयारीत राहा’. अजून एक: रंग नुसत्या मिलिमीटरवर ठरत नाही. शक्यता किती आणि परिणाम किती, हे दोन्ही बघितलं जातं. त्यामुळे तेवढ्याच पावसाला एका जिल्ह्यात पिवळा आणि दुसरीकडे नारिंगी असू शकतो. ती भाषांतराची चूक समजू नका.

५. ‘जोरदार’, ‘मुसळधार’, ‘अतिमुसळधार’, ‘अतिवृष्टी’ यांत नेमका फरक काय?

हा सर्वांत जास्त आलेला प्रश्न आहे, आणि यंत्राची सर्वांत धोकादायक चूकही इथेच होते.

हवामान विभागाच्या लेखी प्रत्येक पायरीला आकडा आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर ही पहिली पायरी, इंग्रजीत ‘हेवी’. ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे ‘व्हेरी हेवी’. त्याच्या वर ‘एक्स्ट्रीमली हेवी’. इंग्रजी बुलेटिन लिहिणारा माणूस हे शब्द मनाने बदलत नाही, कारण शब्द बदलला की आकडा बदलतो.

मराठीत मात्र पहिल्या पायरीला कुणी ‘जोरदार’ लिहितं, कुणी ‘मुसळधार’, कुणी ‘भारी पाऊस’ (हे सरळ हिंदीतून आलेलं). दुसरीला ‘अतिजोरदार’, ‘अतिमुसळधार’. तिसरीला ‘अत्यंत मुसळधार’, ‘अतितीव्र’, आणि कधी ‘अतिवृष्टी’. त्यात ‘अतिवृष्टी’ हा शब्द महसूल खात्यातही आहे: महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की पंचनामे आणि नुकसानभरपाईच्या संदर्भात तो वापरतात. म्हणजे महसुलातली ‘अतिवृष्टी’ हवामान विभागाच्या पहिल्या पायरीच्या आसपास, आणि बातमीतली ‘अतिवृष्टी’ तिसऱ्या पायरीवर. शेतकऱ्याने यातून काय घ्यायचं?

यंत्राला हे सगळे शब्द जवळजवळ सारखेच वाटतात. एकाच बुलेटिनमध्ये ‘हेवी टू व्हेरी हेवी’चं पहिल्या वाक्यात ‘मुसळधार ते अतिमुसळधार’ आणि चौथ्या वाक्यात ‘जोरदार ते मुसळधार’ झालेलं मी पाहिलं आहे. दोन्ही वाक्यं सुटी वाचली तर मराठी उत्तम. पण वाचणाऱ्याला वाटतं, चौथ्या वाक्यातल्या जिल्ह्यांत पाऊस कमी आहे.

उपाय साधा आहे: एका पायरीला एकच मराठी शब्द ठरवायचा आणि यंत्राला दुसरा वापरूच द्यायचा नाही. भाषांतराच्या यंत्रणेत अशी बांधलेली शब्दसूची घालता येते. कोणता शब्द निवडायचा यावर चर्चा व्हावी. मला ‘जोरदार, अतिजोरदार, अत्यंत जोरदार’ ही साखळी बरी वाटते, कारण तिन्ही पायऱ्या ऐकतानाही चढत्या वाटतात. ‘मुसळधार’ हा शब्द मला फार आवडतो. पण आपण तो कुठल्याही मोठ्या सरीला वापरतो, म्हणून मोजमापाला तो चालत नाही.

६. ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पाऊस’ म्हणजे थोडा की खूप?

खूप, पण थोड्या ठिकाणी. ‘तुरळक’ हा शब्द जागांबद्दल आहे, पावसाच्या जोराबद्दल नाही. हवामान विभागाच्या उपविभागातल्या (प्रश्न ८) २५ टक्क्यांपर्यंत निरीक्षण केंद्रांवर पाऊस अपेक्षित असला की तुरळक ठिकाणी. २६ ते ५० टक्के असेल तर काही ठिकाणी, ५१ ते ७५ असेल तर बऱ्याच ठिकाणी, त्याच्या पुढे बहुतांश ठिकाणी. ‘तुरळक’ ऐकून लोक निर्धास्त होतात, आणि यंत्र तर कधी कधी ‘ठिकाणी’ हा शब्दच गाळून ‘तुरळक अतिमुसळधार पाऊस’ असं लिहितं, ज्याला काही अर्थ राहत नाही. ‘जिल्ह्यात एखाद्या-दुसऱ्या ठिकाणी’ असं लिहिलं तर गैरसमज कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

७. यंत्राच्या चुका ओळखायच्या कशा? वाचताना तर सगळं बरोबर वाटतं.

वाचताना बरोबर वाटतं, धोका त्यातच आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीची यंत्रं ‘डिप्रेशन’चं ‘नैराश्य’ करायची, ‘लाइट रेन’मध्ये ‘प्रकाश’ आणायची. ते वाचलं की कुणालाही कळायचं की काही तरी बिनसलं आहे. आताचं यंत्र ओघवतं लिहितं, त्यामुळे चूक गुळगुळीत वाक्यात दडते. ‘डिप्रेशन’चं आता ‘कमी दाबाचे क्षेत्र’ होतं. छान मराठी आहे, पण चूक. कमी दाबाचं क्षेत्र ही त्याच्या आधीची, सौम्य अवस्था. डिप्रेशनमध्ये वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटरपर्यंत जातो. मराठीत ‘कमी दाबाचे तीव्र क्षेत्र’ असं लिहिण्याची पद्धत आहे, आणि त्यातला ‘तीव्र’ गेला की एक अख्खी पायरी गेली.

दुसरी जात नकाराची. ‘झाडाखाली आसरा घेऊ नका’ यातलं ‘नका’ पडलं तर संदेश जीवघेणा होतो. भाषांतराचा दर्जा मोजणारी जी गणितं आहेत ती मानवी भाषांतराशी शब्द किंवा अक्षरं जुळवतात. वीस शब्दांतला एक गेला तर गुण थोडेसेच कमी होतात. म्हणून ‘आमच्या यंत्राला इतके गुण आहेत’ असं कुणी सांगितलं की मी विचारते, किती नकार पडले ते मोजलं का?

तिसरी जात नवी आहे. चॅटबॉटसारखी यंत्रं आपल्या मनाने भर घालतात. मूळ इशाऱ्यात फक्त पावसाचा अंदाज असतो आणि मराठीत शेवटी ‘जवळच्या निवारा केंद्रात जा’ असं वाक्य येतं. कुणी निवारा केंद्र उघडलेलंच नसतं. भर कितीही हिताची वाटली तरी ती मूळ इशाऱ्यात नाही, म्हणून खोडायचीच.

८. आमच्या तालुक्याचं नाव चुकीचं का येतं?

यंत्र नावाचा अर्थ लावायला जातं किंवा उच्चार ओळखू शकत नाही. रोमन लिपीतून येताना पेणचं ‘पेन’ होतं. साताऱ्यातला माण तालुका इंग्रजीत लिहिला की ‘माणूस’ होऊ शकतो. चंद्रपूरमधलं मूल आणि लहान मूल तर आपल्याच लिपीत सारखं. अकोले आणि अकोला यांची अदलाबदल मी अनेकदा दुरुस्त केली आहे, आणि या दोन गावांत जवळजवळ अर्धा महाराष्ट्र आहे. एकच नाव दोन जिल्ह्यांत असेल तर जिल्हा लिहावाच लागतो: कर्जत रायगडात आहे आणि अहिल्यानगरमध्येही, खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही. शिवाय नावं बदलली आहेत. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं जुन्या मजकुरावर शिकलेल्या यंत्राला नीट माहीत नसतात.

खरं तर गावांची नावं भाषांतराला द्यायचीच नसतात. प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला सरकारी क्रमांक आहे. त्या क्रमांकापुढचं मराठी नाव यादीतून उचलायचं.

उपविभागांचा वेगळा घोटाळा आहे. हवामान विभागाच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा मिळून चार भाग आहेत: कोकण आणि गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. या ‘मध्य महाराष्ट्रा’त कोल्हापूर, सांगली, सातारा येतात आणि नंदुरबार, धुळे, जळगावही येतात. कोल्हापूरचा माणूस स्वतःला पश्चिम महाराष्ट्रातला म्हणतो, जळगावचा खानदेशातला. ‘मध्य महाराष्ट्रात जोरदार पाऊस’ हे भाषांतर अचूक असूनही दोघांना वाटतं की आपल्याबद्दल नाही. इथे जिल्ह्यांची नावं लिहिण्याला पर्याय नाही.

९. ‘उद्या’ लिहिलं होतं आणि पाऊस आजच आला. भाषांतर चुकलं का?

शक्यता दोन. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात, त्यामुळे आपल्या हिशोबातली पहाट त्यांच्या आदल्या दिवसात जाते. दुसरी शक्यता, संदेश रात्री लिहिला गेला आणि बारानंतर पोचला. वाचणाऱ्याचा ‘उद्या’ तोवर बदललेला असतो.

यात भाषाही भर घालते. हिंदीत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्याही, म्हणून इंग्रजीतून हिंदी आणि हिंदीतून मराठी असा प्रवास झालेल्या मजकुरात ‘उद्या’चा ‘काल’ झालेला सापडतो. आपल्या ‘परवा’चंही तेच आहे: होऊन गेलेला परवा आणि येणारा परवा एकच शब्द. इशाऱ्यात काल, उद्या, परवा यांपैकी काहीच नको. तारीख, वार आणि वेळ लिहावी, आणि वेळेपुढे सकाळ-दुपार-रात्र लिहावी. ‘८ वाजता’ एवढंच लिहिलं तर कोणते ८ हा प्रश्न उरतोच.

१०. आम्ही मच्छीमार. बुलेटिनमधलं समुद्राचं मराठी आम्हाला परकं वाटतं. तुम्हालाही तसं वाटतं का?

हो, आणि तक्रार रास्त आहे. समुद्राचे शब्द किनाऱ्यावरच तयार झाले. यंत्राच्या अभ्यासात ते आलेच नाहीत, कारण ते छापलेच फार कमी गेले.

‘उधाण’ हा शब्द घ्या. पुस्तकी मराठीत समुद्र खवळला की ‘उधाण आलं’ म्हणतात, आणि यंत्रही ‘रफ सी’चं तसंच करतं. कोळीवाड्यात उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती. ती येणार हे तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) तिथीवरून आधीच ठाऊक असतं. त्याला ‘उधाणाचा इशारा’ देऊन तुम्ही वेगळं काय सांगितलं? सांगायचं असतं ते हे की लाटा अडीच ते चार मीटर उंच होतील. तेच लिहावं: ‘समुद्र खवळलेला, लाटा अडीच ते चार मीटर’.

वाऱ्याचं वाक्यही असंच फसतं. ‘ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत’ यातला झोत गेला की ‘वारा ४५ ते ६५’ होतं. सलग वारा आणि अचानक येणारा झोत यांत छोट्या होडीला मोठा फरक पडतो. इंग्रजी बुलेटिनमधलं ‘अलाँग अँड ऑफ’ म्हणजे किनाऱ्यालगत आणि किनाऱ्यापासून आत समुद्रात. यंत्र त्यातलं अर्धंच ठेवतं आणि मग किनाऱ्याजवळ जाळी टाकणाऱ्यांना वाटतं, इशारा फक्त खोल समुद्रातल्या ट्रॉलरना आहे.

स्थानिक शब्द शास्त्रात जाऊ शकतात याचं एक उदाहरण मला फार उमेद देतं. केरळच्या किनाऱ्यावर वारा नसताना, आकाश स्वच्छ असताना लाटा अचानक घरात शिरतात. त्या दूर दक्षिणेकडच्या हिंदी महासागरातून येतात. तिथले मच्छीमार याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. २०१२ मध्ये युनेस्कोने हा शब्द शास्त्रीय वापरासाठी मान्य केला, आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था आज याच नावाने इशारे देते. तिथे मच्छीमारांचा शब्द इंग्रजी बुलेटिनमध्ये गेला. हर्णै, मालवण, सातपाटीचे शब्दही असे गोळा व्हायला हवेत. तुमच्याकडे असतील तर अर्थासह, आणि जमलं तर आवाजात, लिहून ठेवा.

११. एसएमएस अर्धाच का येतो? कधी नुसते चौकोन का दिसतात?

इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत एका संदेशात ७० जागाच मिळतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याचं चिन्ह हे सगळं वेगळं मोजलं जातं. ‘जिल्ह्यात’ या एका शब्दाला ९ जागा लागतात. ‘पुढील ३ तासांत रायगड जिल्ह्यात विजांच्या कडकडाटासह जोरदार पाऊस’ एवढ्यात ६२ जागा संपल्या. काय करायचं ते सांगायला ८ उरल्या. त्यापुढचा मजकूर दुसऱ्या तुकड्यात जातो आणि तो उशिरा आला किंवा आलाच नाही तर वाक्य तुटतं. चौकोन दिसतात ते जुन्या साध्या फोनमध्ये देवनागरी नसल्यामुळे. यात भाषांतराचा दोष नाही, पण उपाय भाषांतरातच करावा लागतो: सर्वांत महत्त्वाचं पहिल्या ७० जागांत आणायचं. यंत्राला ‘लहान कर’ सांगितलं तर ते नेमकी वेळ किंवा ठिकाण उडवतं, म्हणून हे माणसाने आधी लिहून ठेवलेलं बरं (प्रश्न १२).

१२. मग ठरावीक वाक्यंच का वापरत नाहीत? यंत्राची गरजच काय?

जिथे शक्य आहे तिथे ठरावीक वाक्यंच वापरावीत, या मताची मी आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही इशारे पोचवणारी यंत्रणा सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने बांधली आहे. ती ‘कॅप’ (कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल) या इशाऱ्यांच्या जागतिक मांडणीवर चालते. त्यात धोक्याची तीव्रता, घाई, खात्री यांची ठरलेली खुणेची नावं असतात आणि एकाच इशाऱ्यात अनेक भाषांचे कप्पे ठेवता येतात. तीव्रतेची खूण एकदा टाकली की प्रत्येक भाषेत तिचं माणसाने तपासलेलं वाक्य आपोआप उमटू शकतं. तिथे अंदाजाने शब्द निवडण्याची वेळच येत नाही.

पण प्रत्येक इशारा साच्यात बसत नाही. चक्रीवादळाची सविस्तर चर्चा, धुक्यामुळे अडलेल्या घाटरस्त्यांची माहिती, गारपिटीनंतर द्राक्षबागेत काय करायचं, हे दर वेळी नवं असतं. तिथे यंत्राने मसुदा करावा आणि जाणकाराने वाचावा. लाल इशारा असेल तर माणसाने वाचल्याशिवाय एकही स्वतंत्र वाक्य पुढे जाऊ नये. तेवढ्या वेळात साच्यातलं छोटं वाक्य आधी पाठवून द्यावं.

१३. दुसऱ्या देशांत हे कसं चाललं आहे?

अमेरिकेचं उदाहरण शिकण्यासारखं आहे. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या अवशेषांनी न्यूयॉर्कमध्ये ढगफुटीसारखा पाऊस पाडला. तळघरातल्या खोल्यांत राहणारे लोक बुडाले, त्यांत स्थलांतरित बरेच होते. फोनवरचे इशारे इंग्रजी आणि स्पॅनिश एवढ्याच भाषांत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेने ‘लिल्ट’ या कंपनीच्या यंत्रणेच्या मदतीने भाषांतराचं काम जाहीर केलं. स्पॅनिश आणि चिनी आधी, मग व्हिएतनामी, फ्रेंच, सामोअन. एप्रिल २०२५ मध्ये कंत्राट संपलं आणि भाषांतरं थांबली. महिनाअखेरीस ती पुन्हा सुरू झाली. इशाऱ्याची भाषा कंत्राटाच्या तारखेवर अवलंबून असू नये, हे त्यातून दिसलं.

त्यांचा शब्दांचा पेचही आपल्या चौथ्या प्रश्नासारखाच आहे. ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ यांना स्पॅनिशमध्ये वापरले जाणारे शब्द मेक्सिको, पोर्तो रिको, क्युबा इथून आलेल्या लोकांना एकाच तीव्रतेचे वाटत नाहीत. तिथल्या संशोधकांनी लोकांनाच विचारून शब्द सुचवले.

१४. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी, कोरकू यांत इशारे मिळतील का?

यांना एका रांगेत बसवता येत नाही. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांना मराठी संदेश कळतो. तिथे ओळखीच्या आवाजात, ओळखीच्या लकबीत ऐकवला तर विश्वास वाढतो. गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा आहे आणि मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. ज्या आजीला मराठी येत नाही तिला मराठीच्या जवळ जाणारं काहीही चालणार नाही. या दोन्ही भाषा अनुसूचीत नाहीत आणि जोडलेल्या वाक्यांचा साठा फार लहान आहे, म्हणून यंत्राने लिहिलेल्या गोंडी किंवा कोरकूवर आज मी जीव सोपवणार नाही. गावातल्या माणसांकडून वीस-पंचवीस वाक्यं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घ्यावीत: वीज, पूर, नाला ओलांडू नका, गुरं आत घ्या. ती लाउडस्पीकरवरून वाजवावीत. हे आजही करता येतं.

गोव्यासाठी कोंकणी अनुसूचीत आहे आणि यंत्रंही आहेत, पण देवनागरी आणि रोमी (रोमन लिपीतली कोंकणी) वाचणारे वेगळे आहेत, हे विसरू नये.

१५. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या आमच्या माणसांना कोणत्या भाषेत इशारा येतो?

बहुधा त्या जागेच्या भाषेत, कारण इशारा मोबाइल टॉवरच्या परिसरावरून जातो. बीडचा कामगार बेळगाव जिल्ह्यातल्या फडावर कन्नड संदेश बघत बसतो. रत्नागिरीच्या बोटीवरचा नेपाळी खलाशी मराठी बघतो. कॅपमध्ये (प्रश्न १२) अनेक भाषांचे कप्पे ठेवता येतात, तेव्हा तंत्राची अडचण नाही. त्या भागात कोण येऊन राहतं हे ध्यानात घेऊन भाषा निवडायला हव्यात. यंत्राचा खरा उपयोग मला इथे दिसतो: हंगामापुरत्या आलेल्या लोकांची भाषा माणसांच्या बळावर सांभाळणं अवघड असतं. तोवर मुकादमाच्या फोनवर ‘सचेत’ ॲप मराठीत लावून ठेवा.

१६. ताई, मी इंग्रजी इशारा चॅटबॉटमध्ये टाकून गावच्या ग्रुपवर पाठवते. चालेल का?

तुमचा हेतू चांगला आहे, म्हणून नाही म्हणत नाही. पण पाठवण्याआधी पाच गोष्टी मूळाशी बोटाने जुळवा: ठिकाण, तारीख-वेळ, आकडे, रंग, आणि प्रत्येक ‘नका’. मूळ इंग्रजी संदेशही सोबत पाठवा. यंत्राने जोडलेलं वाक्य दिसलं तर काढा. तेच मराठी पुन्हा इंग्रजीत करून बघितलं आणि जुळलं, यावर विसंबू नका. ‘जोरदार’ काय आणि ‘मुसळधार’ काय, परत जाताना दोन्ही ‘हेवी’च होतात. शंका आली तर जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारा.

१७. इंग्रजी आणि मराठी इशाऱ्यांत फरक दिसला तर कोणता मानायचा?

सुधारणा होईपर्यंत दोन्हींतला जास्त सावध करणारा धरून वागा, आणि कळवा. प्रशासन सहसा मूळ मजकूर ग्राह्य धरतं. पण ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी मराठी हाच मूळ इशारा असतो, हे भाषांतर पाठवणाऱ्याने लक्षात ठेवावं. शाळेला सुट्टी, गाव हलवणं असे आदेश मात्र जिल्हा प्रशासन काढतं. ते भाषांतरित अंदाजातून काढायचे नाहीत.

१८. पावसाचा इशारा मागे घेतला, तरी आमच्याकडे पूर आला. ‘मागे घेतला’ हे भाषांतर चुकलं का?

भाषांतर बरोबर असू शकतं. कृष्णा-पंचगंगेच्या काठी हा प्रसंग वारंवार येतो. सांगलीत ऊन पडलेलं असतं, पावसाचा इशारा संपलेला असतो, आणि कोयनेतून सोडलेल्या पाण्याने नदी चढत असते. पावसाचा इशारा हवामान विभागाचा. विसर्गाची माहिती जलसंपदा विभागाची, आणि ती मुळातच मराठीत निघते. इथे यंत्राची दिशा उलटी होते: खाली कर्नाटकात ती कन्नडमध्ये जायला हवी, आणि तिथल्या अलमट्टी धरणाची माहिती मराठीत यायला हवी.

नदीच्या पातळीच्या मजकुरात ‘इशारा’ शब्दाचा अर्थही बदलतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. इथे ‘इशारा’ ही खालची पायरी आहे. यंत्र इंग्रजी करताना दोन्हींना एकच शब्द लावतं आणि परत मराठी करताना ३९ फुटांना धोका पातळी म्हणतं किंवा ४३ ला इशारा पातळी. म्हणून पातळीचं नाव कधीच एकटं लिहू नये. नदी, ठिकाण, फूट आणि मोजल्याची वेळ सोबत हवी. आणि ‘इशारा मागे घेतला’ याऐवजी लिहावं: ‘पावसाचा इशारा संपला. नदीची पातळी वाढते आहे. नदीकाठी जाऊ नका.’